विधेयकाच्या मागावर : रायपुरातल्या नवशिक्यांसाठी

सगळ्यात आधी गोल बाजारात जा आणि लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट खातेवही घेऊन या. मोबाईलमधल्या तक्त्यावर विसंबू नका. फोन दोन-तीन वर्षांत बदलावा लागतो आणि शिक्षणाच्या विधेयकाला त्याहून जास्त आयुष्य असतं. वहीत सहा रकाने आखा : विधेयकाचं नाव, मांडलं कधी, संमत कधी, राज्यपालांची सही, राजपत्र, अंमल. नवशिके हटकून तिसरा रकाना रुंद आखतात, कारण पेपरात तेवढाच छापून येतो. तुम्ही चौथा रुंद आखा. का, ते पुढे कळेल.

माझ्या वहीचं पहिलं पान गोपाळ कृष्ण गोखल्यांचं आहे. त्यांचा रायपूरशी संबंध नाही, पण गणपतीवाचून पूजा सुरू करायची कशी? 16 मार्च 1911 ला त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक केंद्रीय कायदे कौन्सिलात मांडलं. वर्षभराने मतं पडली, बाजूने 13, विरुद्ध 38. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला तो 1 एप्रिल 2010 ला. म्हणजे दुसऱ्या रकान्यातून शेवटच्या रकान्यात पोचायला नव्याण्णव वर्षं. हे पान उघडून पाच मिनिटं शांतपणे बघत बसता आलं, तर हा छंद तुम्हाला झेपेल. ज्यांना घाम फुटेल त्यांनी क्रिकेटचे आकडे लिहावेत, त्यातही आनंद आहे.

दुसरी तयारी म्हणजे गाव ओळखून घेणं. आमचं घर तीन पिढ्या तात्यापाऱ्यातच आहे, पण शाळा-कॉलेजांचे कायदे करणारी राजधानी मात्र आम्हाला सोडून सारखी फिरत राहिली. 1956 पर्यंत ती नागपूर होती. 1937 ला रायपूरचे वकील रविशंकर शुक्ल मध्य प्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले आणि त्यांनी विद्यामंदिर योजना आणली, तीसुद्धा नागपुरात बसूनच. मग भोपाळ आलं. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगढ वेगळं झालं आणि एकदाची राजधानी आमच्या दारात आली. 14 डिसेंबरला विधानसभेची पहिली बैठक भरली ती राजकुमार कॉलेजच्या जशपूर हॉलमध्ये, कारण विधानसभेला स्वतःचं छप्पर नव्हतं. शिक्षणाची विधेयकं करणारं सभागृह शाळेच्या आवारात जन्माला आलं, हा योगायोग वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे. पुढे बलौदाबाजार रस्त्यावरची इमारत आली आणि 1 नोव्हेंबर 2025 ला नवा रायपुरातल्या नव्या वास्तूचं उद्घाटन झालं. तिथे छतावर भाताच्या लोंब्यांची नक्षी आहे. ती नीट बघून घ्या. आवाजी मतदान चालू असताना गॅलरीतल्या माणसाला दुसरं काही बघण्यासारखं नसतं.

पहिल्याच आठवड्यात तुमचा एका गोष्टीने गोंधळ होईल. इथला विद्यापीठांचा मुख्य कायदा आहे ‘छत्तीसगढ विश्वविद्यालय अधिनियम, 1973’. राज्य 2000 चं, कायदा 1973 चा. छपाईची चूक नाही ती. वाटणीत जुन्या घरातली भांडी येतात तसे मध्य प्रदेशचे कायदे आले आणि त्यांच्यावर नवं नाव घातलं गेलं. अशा भांड्यांची कल्हई करणारी विधेयकं, म्हणजे ‘संशोधन विधेयक’, हीच तुमची रोजची शिकार. आपण ज्याला सुधारणा म्हणतो त्याला इथे संशोधन म्हणतात, त्यामुळे ‘विश्वविद्यालय संशोधन’ वाचून प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणू नये.

भाषेचं हे दुखणं आम्हा मराठी माणसांना जरा जास्तच. नागपूरच्या अधिवेशनात ‘लक्षवेधी’ असते ती इथे ‘ध्यानाकर्षण’ होते, ‘सभात्याग’ इथे ‘बहिर्गमन’, आणि तिकडचे आमदार ‘हौद्यात’ उतरतात तर इकडचे ‘गर्भगृहात’ शिरतात. एकदा नागपूरच्या मावशीला फोनवर सांगितलं की आज विरोधक गर्भगृहात शिरले, तर ती म्हणाली, “सोवळं नेसून का रे?” विनोद बाजूला ठेवा, पण हा नियम पाठ करा : छत्तीसगढ विधानसभेत गर्भगृहात पाऊल टाकलं की सदस्य आपोआप निलंबित होतो. ठराव नको, मतदान नको. विरोधकांची रांग पुढे सरकताना दिसली की नवशिका घोषणा ऐकण्यात दंग होतो. जाणत्याने तेव्हा कार्यसूचीवर बोट ठेवावं आणि पुढचं विधेयक कोणतं ते बघावं, कारण बाकं रिकामी असली की विधेयक फार चपळ होतं.

आता सभागृह. या भागाला मी मुद्दामच थोडी जागा देतो आहे, कारण विधेयक स्वतःही तिथे थोडाच वेळ थांबतं. 2024 चं पावसाळी अधिवेशन 22 ते 26 जुलै, 2025 चं 14 ते 18 जुलै, दोन्ही वेळा पाच-पाच बैठका. त्यातच प्रश्नोत्तरं, शून्यकाळ, पुरवणी मागण्या. महाराष्ट्रासारखी वर विधान परिषद नाही, त्यामुळे इथे निसटलं ते वरच्या मजल्यावर पकडू, ही सोय नाही. पास काढून जा, फोन बाहेर जमा करा, आणि कान तयार ठेवा. मंत्री उठतात, विचार करण्यात यावा म्हणतात, चार-सहा भाषणं झाली तर होतात, आणि मग आसंदीवरून तो मंत्र सुरू होतो : खंड दोन, तीन विधेयकाचं अंग बनले, खंड एक विधेयकाचं अंग बनला, पूर्ण नाव आणि अधिनियमन सूत्र विधेयकाचं अंग बनलं. मंगलाष्टकांची शेवटची ओळ आली की पाहुणे जेवणाच्या पंगतीकडे बघू लागतात, तसं सभागृह पुढच्या विषयाकडे बघू लागतं. लग्न लागलं. तिसरा रकाना भरा.

तर मग विधेयकाचा माग काढायचा कुठे? दोन ठिकाणी. एक त्याच्याच पोटात आणि दुसरं सभागृहाच्या बाहेर.

पोटात शिरायचं तर शेवटून वाचा. पहिलं पान नाव आणि व्याख्यांचं असतं. त्यात ‘विद्यार्थी म्हणजे विद्यार्थी’ अशा धर्तीचा मजकूर वाचून डोळा लागतो. मागे ‘उद्देश्यों और कारणों का कथन’ असतं, ते वाचून भूल पडते. कारण उद्देश वाईट असलेलं विधेयक अजून कुणी छापलेलं नाही. त्याच्या आसपास एक किरकोळ दिसणारा मजकूर असतो : ‘प्रत्यायोजित विधान संबंधी ज्ञापन’. बहुतेक जण तो ओलांडून जातात. त्यात लिहिलेलं असतं की अमुक-अमुक कलमाखाली नियम करण्याचा, अधिसूचना काढण्याचा अधिकार सरकारकडे राहील. म्हणजे सभागृह ज्या गोष्टी पुन्हा कधी बघणार नाही त्यांची ती यादी असते. शेवटी बहुधा एक वाक्य असतं की हे सगळं सामान्य स्वरूपाचं आहे.

सामान्य स्वरूपाचं म्हणजे काय, हे रायपूरएवढी मोठी किंमत देऊन दुसऱ्या कुठल्या शहराने शिकलं असेल असं मला वाटत नाही. हा धडा जरा सावकाश घेऊ.

2002 ला इथे खाजगी विद्यापीठांचा कायदा झाला. पूर्ण नाव ‘छत्तीसगढ निजी क्षेत्र विश्वविद्यालय (स्थापना और विनियमन) अधिनियम’. त्याच्या पाचव्या कलमात सोय अशी होती की प्रस्ताव आला, सरकारला पटला, की राजपत्रात अधिसूचना काढायची, विद्यापीठ स्थापन. प्रत्येक विद्यापीठासाठी सभागृहाच्या पायऱ्या चढायला नकोत. झालं काय, की सभागृहात विधेयक आलं एक आणि साधारण वर्षभरात विद्यापीठं जन्मली 112. भागाकार करून बघा : दर सव्वातीन दिवसांना एक. रविवार धरून. तेव्हा मी नवशिकाच होतो. अधिवेशनाच्या बातम्या कात्रून वहीत चिकटवत होतो आणि माझ्या वहीप्रमाणे राज्यात सगळं शांत होतं. विद्यापीठं जात होती राजपत्राच्या दाराने आणि मी बसलो होतो सभागृहाच्या दाराशी.

त्यातलं एक मी डोळ्यांनी बघितलं. कोणतं ते सांगत नाही. 2003 ला धाकट्या भावाला एमबीए करायचं होतं, म्हणून आम्ही दोघं स्कूटरवर पत्ता शोधत निघालो. खाली लोखंडी कपाटांचं दुकान, बाजूने अंधारा जिना, दुसऱ्या मजल्यावर विश्वविद्यालय. एक खोली. एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर सिमेंट कंपनीचं कॅलेंडर. टेबलावर तिकोनी लाकडी पाटी होती, तिच्यावर ‘प्रवेश’ असं लिहिलेलं. गृहस्थ अगदी अदबशीर. त्यांनी पाणी दिलं, फीचा कागद दिला. भावाने विचारलं, परीक्षा कधी असतात? त्यांनी अत्यंत शांतपणे ती पाटी उलटी केली. मागच्या बाजूला ‘परीक्षा’ लिहिलं होतं. मग म्हणाले, “बोलिए.” भाऊ माझ्याकडे बघत राहिला, मी कॅलेंडरकडे. डिमांड ड्राफ्ट घेऊन येतो असं सांगून आम्ही जिना उतरलो. स्कूटरला किक मारताना भाऊ म्हणाला, “दादा, ग्रंथालय विचारलं असतं तर पाटीला तिसरी बाजू होती रे.”

आम्ही हसत घरी आलो. ज्यांनी ड्राफ्ट दिले होते ते हसत नव्हते. 2004 ला प्राध्यापक यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. वैश्विक किरणांवर काम केलेले वैज्ञानिक, विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, दप्तराच्या ओझ्यावरच्या अहवालाचे धनी आणि दूरदर्शनवर ‘टर्निंग पॉइंट’मध्ये मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे ते आजोबा. त्यांच्या अर्जात म्हटलं होतं की यातल्या कित्येकांना ना इमारत ना आवार, एकेका खोलीत कारभार चालू आहे. तो मुद्दा वाचताना मला ते सिमेंटचं कॅलेंडर दिसलं. 11 फेब्रुवारी 2005 ला सरन्यायाधीश लाहोटी, न्यायमूर्ती माथुर आणि बालसुब्रमण्यन यांच्या पीठाने कलम 5 आणि 6 घटनाबाह्य ठरवली. विद्यापीठ स्थापणं हा राज्याचा विषय खरा. पण उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय केंद्राच्या यादीत आहे, आणि नुसत्या कागदावरच्या प्रस्तावाला विद्यापीठाचा दर्जा आणि पदव्या वाटण्याचा हक्क देऊन टाकला की त्या समन्वयाला अर्थच उरत नाही, असा निकालाचा गाभा. त्या कलमांवर उभी राहिलेली विद्यापीठं त्यांच्याबरोबरच गेली. मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून, जिथे खरोखर शिक्षण चालू आहे त्या संस्थांना राज्यातल्या आधीच्या विद्यापीठांशी जोडून घेण्याची पावलं राज्याने उचलावीत, असंही न्यायालयाने सांगितलं.

त्याच वर्षी नवा कायदा आला, ‘स्थापना एवं संचालन’ वाला. त्यावर लक्ष ठेवणारा विनियामक आयोग आला, आणि नवशिक्यासाठी सर्वात सोयीचं म्हणजे विद्यापीठांची नावं आता कायद्याच्या अनुसूचीत असतात. नवं नाव घालायचं तर संशोधन विधेयक घेऊन सभागृहात यावंच लागतं. हे विधेयक पानभराचं असतं. अनुसूचीत अमुक क्रमांकानंतर हे जोडा, झालं. पेपरात त्याला दोन ओळी मिळतात. तुम्ही मात्र त्याला वहीत पूर्ण ओळ द्या आणि नावाबरोबरचा पत्ता उतरवून घ्या. मग एखाद्या रविवारी स्कूटर काढून तो पत्ता बघून या. माग काढण्याचा याहून पक्का प्रकार मला माहीत नाही. जाताना पाण्याची बाटली न्या, कारण आता आवारं मोठी असतात आणि गेटपासून इमारत लांब.

फीच्या कायद्यातही खरा निर्णय सभागृहाबाहेरच होतो. ऑगस्ट 2020 ला खाजगी शाळांच्या फीवरचा कायदा संमत झाला, आणि आमच्या कॉलनीतल्या पालकांना वाटलं की आता फी विधानसभा ठरवणार. विधानसभेने ठरवलं ते इतकंच की फी समित्या ठरवतील : शाळेची एक, जिल्ह्याची एक, राज्याची एक. शाळेच्या समितीला वर्षाला 8 टक्क्यांपर्यंत वाढ करता येते, त्यापुढे जिल्ह्याकडे जावं लागतं. तेव्हा अधिवेशन संपलं की वही मिटू नका, शाळेतून आलेली समितीच्या बैठकीची चिठ्ठी शोधा. ती बहुतेक मुलाच्या दप्तरात, डब्याच्या तेलाने पारदर्शक झालेली सापडते, आणि बैठक कालच होऊन गेलेली असते.

आता चौथा रकाना.

भावाची मुलगी, माझी पुतणी, सध्या कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला मी ही विद्या शिकवतो आहे. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, “काका, पास झालं ना विधेयक? मग आता कशाची वाट बघायची?” मी तिला वहीची दोन पानं काढून दिली.

एक पान मार्च 2020 चं. रायपुरात पत्रकारितेचं विद्यापीठ आहे, कुशाभाऊ ठाकऱ्यांच्या नावाचं. पुण्या-मुंबईचे पाहुणे पाटी वाचून नेहमी विचारतात, कुठले हो हे ठाकरे? धारचे. भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. काँग्रेसचं सरकार असताना ते नाव बदलून दुर्गचे खासदार आणि पत्रकार चंदूलाल चंद्राकर यांचं नाव देण्याचं विधेयक संमत झालं. तिसरा रकाना भरला. विधेयक राजभवनात गेलं. सही झाली नाही. विद्यापीठाच्या पाटीवर आजही ठाकरेच आहेत.

दुसरं पान 2 डिसेंबर 2022 चं, आणि ते जास्त जड आहे. त्याआधी 19 सप्टेंबरला बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने राज्याचं 58 टक्के आरक्षण रद्द केलं होतं. प्रवेश आणि भरती दोन्ही अडकले. सरकारने दोन दिवसांचं खास अधिवेशन बोलावलं आणि दोन विधेयकं संमत करून घेतली. एक नोकऱ्यांचं, दुसरं शिक्षणसंस्थांमधल्या प्रवेशाचं. आदिवासींना 32 टक्के, इतर मागासवर्गाला 27, अनुसूचित जातींना 13, आर्थिकदृष्ट्या दुर्बलांना 4, बेरीज 76. मंत्री ती घेऊन लगोलग राजभवनात गेले. इतक्या वेगाने विधेयक हललेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी उत्साहाच्या भरात चौथ्या रकान्यात ‘डिसें. 22’ असं शाईने लिहूनही टाकलं. राज्यपाल अनुसूया उईके यांनी सरकारला दहा प्रश्न विचारले. उत्तरं गेली. फेब्रुवारी 2023 ला राज्यपालांची मणिपूरला बदली झाली, विश्वभूषण हरिचंदन आले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती देऊन जुन्या 58 टक्क्यांवर भरतीची वाट मोकळी केली. डिसेंबरात सरकारही बदललं. विधेयक तिथेच.

“पण किती दिवसांत सही करायची याचा काही नियम असेल ना?” पुतणी म्हणाली. चांगला प्रश्न, आणि पहिल्या वर्षाच्या मुलीने विचारावा असाच. घटनेच्या दोनशेव्या अनुच्छेदात ‘शक्य तितक्या लवकर’ परत पाठवण्याची भाषा आहे; दिवस मोजून दिलेले नाहीत. एप्रिल 2025 ला तमिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मुदती घालून दिल्या तेव्हा मी आनंदाने चौथा रकाना पट्टीने अरुंद करायला घेतला होता. 20 नोव्हेंबर 2025 ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राष्ट्रपतींच्या विचारणेवर मत दिलं की अशा मुदती न्यायालयाला घालता येत नाहीत. अकारण, अमर्याद दिरंगाई झाली तर मात्र न्यायालयाचं दार मर्यादित अर्थाने उघडं आहे. पट्टी परत ठेवली.

माहेरी काही वेगळं चालतं असं समजू नका. महाराष्ट्रातही डिसेंबर 2021 ला सार्वजनिक विद्यापीठांच्या कायद्यात बदल करून मंत्र्यांना प्र-कुलपती करण्याचं विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झालं होतं. ते सहीवाचून राहिलं आणि 2022 ला सरकार बदलल्यावर मागे घेतलं गेलं. मावशीने तेव्हा फोन करून विचारलं होतं, “तुझ्या त्या वहीत आमच्याकडचंही लिहितोस का रे?” लिहितो. मागच्या बाजूने.

पुतणीने ‘डिसें. 22’ वर बोट ठेवलं. शाईवर मी नंतर पांढरा रंग फासला होता, तो आता पिवळा पडून पोपडे धरू लागला आहे आणि खालचं निळं परत दिसतं. तिने पर्समधून पेन्सिल काढली, पोपडा नखाने खरवडला, आणि रकान्यात एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. मग स्वतःच्या नव्या वहीत रकाने आखायला बसली. चौथा आखताना पट्टी कमी पडली, म्हणून तिने तो पुढच्या पानावर नेला.